अठरा अंशांखालचे ग्लिसरीन

किनवट तालुक्यातील इस्लापूर हे मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावरचे गाव. पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा इथून जवळ. 1956 पर्यंत इस्लापूर मंडळ आदिलाबाद जिल्ह्यातील बोथ तालुक्यात मोडत होते. राज्य पुनर्रचना कायद्याच्या मजकुरात किनवट आणि राजुरा या तालुक्यांच्या जोडीला या एका मंडळाचा स्वतंत्र उल्लेख आहे. टेकड्यांचा, सागवानाचा मुलूख. डिसेंबर-जानेवारीत इथली रात्र दहा-बारा अंशांपर्यंत उतरते. अशा रात्री घरातल्या फडताळात दोन बाटल्या शेजारी ठेवलेल्या असतील, एक खोबरेल तेलाची आणि एक ग्लिसरीनची, तर सकाळी खोबरेल पांढरे, घट्ट झालेले दिसते. आंघोळीआधी ती बाटली चुलीच्या उबेला ठेवावी लागते. ग्लिसरीन मात्र नेहमीसारखेच संथ, पारदर्शक आणि ओतता येण्याजोगे असते.

वरवर पाहता यात नवल काही नाही. एक गोठते, एक गोठत नाही. पण पाठ्यपुस्तकातील आकडे पाहिले की गोष्ट विचित्र वाटू लागते. खोबरेल साधारण 24 अंश सेल्सिअसला गोठते. शुद्ध ग्लिसरीनचा गोठणबिंदू आहे 18 अंश. म्हणजे बारा अंशांच्या रात्री दोन्ही बाटल्या घट्ट व्हायला हव्यात. (बाटलीचे बूच सैल राहिले की ग्लिसरीन हवेतले पाणी ओढून घेते आणि मग हा हिशेब बदलतो; आपण कोरड्या ग्लिसरीनविषयी बोलत आहोत.) तोंड आले म्हणून लेकराच्या जिभेला लावायचे, थंडीत ओठ फुटले म्हणून लावायचे, ते ग्लिसरीन हिवाळाभर आपल्या गोठणबिंदूच्या खाली राहूनही द्रवच असते. पदार्थविज्ञानात याला अतिशीतित द्रव म्हणतात. आणि रसायनशास्त्राच्या वर्गीकरणात ग्लिसरीन हे अल्कोहोल आहे: तीन कार्बन, आणि प्रत्येकावर ऑक्सिजन-हायड्रोजनची एकेक जोडी.

द्रव गोठणबिंदूच्या खाली जाऊनही द्रव राहू शकतो, हे जुने ज्ञान आहे. ज्यांच्या नावाची तापमापी आपल्याकडे अजून ताप मोजताना वापरतात त्या फॅरनहाइट यांनी 1724 मध्ये पाण्याविषयीच हे नोंदवले होते. पण पाणी फार काळ दम धरत नाही. ग्लिसरीनने मात्र रसायनशास्त्रज्ञांची जवळपास एक शतकभर दिशाभूल केली. कार्ल शीले यांनी 1779 मध्ये ते ऑलिव्ह तेलापासून मिळवले, पुढे शेव्ह्रल यांनी गोडीवरून त्याला नाव दिले, साबणाच्या कारखान्यांतून ते पिंपेच्या पिंपे निघू लागले. तरी त्याचा स्फटिक कोणाच्या हाती लागला नव्हता. ते गोठतच नाही, असा समज रुळला. मग 1867 च्या हिवाळ्यात व्हिएन्नाहून लंडनकडे निघालेल्या ग्लिसरीनमध्ये वाटेतच स्फटिक झाल्याची हकीकत सांगितली जाते.

या हकीकतीला पुढे एक शेपूट फुटले आणि तेच जास्त प्रसिद्ध झाले. एकदा एका पिंपात स्फटिक तयार झाला, आणि त्यानंतर जगभरातील ग्लिसरीन आपसूक स्फटिक होऊ लागले, बंद बाटल्यांतलेसुद्धा. जणू एका ग्लिसरीनने शिकलेली विद्या सगळ्या ग्लिसरीनला अवगत झाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील काही लोकप्रिय इंग्रजी पुस्तकांनी ही कथा गूढ सिद्धांतांच्या पुराव्यादाखल वापरली. आपल्याकडेही अध्यात्म आणि विज्ञान यांची सांगड घालणाऱ्या व्याख्यानांत तिला टाळ्या मिळण्यासारख्या आहेत. कथा चांगली आहे, पण ज्या निबंधाच्या हवाल्याने ती सांगतात तो निबंध उघडून पाहिला तर तिथे यापेक्षा चांगली गोष्ट आहे.

तो निबंध 1923 चा, कॅलिफोर्नियातील बर्कलीचा. लेखक जॉर्ज गिब्सन आणि त्यांचे तरुण सहकारी विल्यम जिऑक, ज्यांना पुढे 1949 मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. दोघांना ग्लिसरीनमध्ये रस नव्हताच. त्यांना उष्मागतिकीचा तिसरा नियम तपासायचा होता. निरपेक्ष शून्य तापमानाला पदार्थातील अव्यवस्था, म्हणजे एन्ट्रॉपी, शून्यावर यावी असे नियम सांगतो. पण एकच पदार्थ दोन रूपांत थंड केला तर? ग्लिसरीन पटकन थंड केले की ते काच होते: घट्ट, पण आत रेणूंची मांडणी द्रवासारखीच अस्ताव्यस्त. तेच स्फटिकरूपात थंड केले तर रेणू ओळीत बसलेले. काच आणि स्फटिक या दोघांचीही उष्णता शोषण्याची क्षमता खालपर्यंत मोजली तर काचेची अव्यवस्था शिल्लक राहते का, ते कळेल. काच सहज मिळत होती. अडले होते स्फटिकापाशी.

स्फटिक करण्याचे नेहमीचे प्रयत्न फसले. अखेर ब्रिटिश कोलंबियातील नानायमो येथील स्फोटकांच्या कारखान्यातून स्फटिक मिळाले. तिथे डायनामाइटसाठी ग्लिसरीन साठवत, आणि साठ्यात ते स्फटिक झाले होते. हे बियाणे आल्यावर काम मार्गी लागले. पुढे त्यांनी नोंदवले आहे ते महत्त्वाचे: ग्लिसरीनचा नमुना द्रवरूप हवेच्या तापमानापर्यंत थंड करायचा आणि मग दिवसभरात सावकाश वर आणायचा, असे केले की जवळजवळ दरवेळी स्फटिक होतो. बाहेरून बी टाकण्याचीही गरज राहत नाही. दंतकथेने यातले शेवटचे वाक्य उचलले आणि त्याच्या आधीची कृती गाळली. जगभरातले ग्लिसरीन काही शिकले नव्हते. बर्कलीतील दोघे शिकले होते, आणि त्यांना सापडलेला मार्ग उलटा वाटणारा होता: गोठवायचे असेल तर आधी गोठणबिंदूच्या दोनशे अंश खाली जा, आणि मग ऊब द्या.

हे असे का, याचे उत्तर गुस्ताफ टामान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच दिले होते. स्फटिक होणे हे दोन स्वतंत्र कामांचे मिळून बनते. आधी बी धरायला हवे, म्हणजे काही रेणूंची एक पुरेशी मोठी गाठ नेमक्या मांडणीत जमायला हवी. मग त्या गाठीवर बाकीच्या रेणूंनी येऊन बसायला हवे. लहान गाठीला पृष्ठभागाचा खर्च परवडत नाही, ती विरघळून जाते. तापमान जितके खाली तितकी लहान गाठही तग धरते. म्हणून बी खोल थंडीत धरते. पण तिथे द्रव इतका घट्ट असतो की रेणू जागचे हलत नाहीत, बी पडून राहते. वाढीसाठी ऊब हवी. ज्यांच्या घरी दिवाळीत पाकातले लाडू होतात त्यांना या शास्त्राचा अर्धा भाग ठाऊक असतो. पाक साखरू नये म्हणून लिंबू पिळतात, कडेला चिकटलेला साखरेचा कण आत पडू नये म्हणून जपतात. आणि खडीसाखर करणारा मुद्दाम दोरा सोडतो, कारण त्याला कणाला बसायला जागा द्यायची असते. साखरेच्या रेणूवरही ऑक्सिजन-हायड्रोजनच्या त्याच जोड्या आहेत, आठ. ‘साखरणे’ हे क्रियापद मराठीने मधासाठी आणि पाकासाठी घडवले. ‘स्फटिकीभवन’ या जड शब्दापेक्षा ते नेमके आहे.

आता मूळ प्रश्न. बाटलीतले ग्लिसरीन बारा अंशांना द्रव आहे म्हणजे त्याचे रेणू हलत आहेत. किती? आणि स्फटिक होऊ लागताना ती हालचाल कशी बदलते? एकदम थांबते, की आधी मंदावते, की आणखी काही?

रेणूची हालचाल डोळ्यांना दिसत नाही, पण अल्कोहोलच्या रेणूला एक सोयीची खोड आहे. ऑक्सिजनच्या बाजूला तो थोडा ऋण असतो, हायड्रोजनच्या बाजूला थोडा धन. बाहेरून विद्युतक्षेत्र लावले की तो होकायंत्राच्या सुईसारखा वळू पाहतो. क्षेत्राची दिशा सावकाश उलटसुलट केली तर रेणू तिच्याबरोबर वळतात. फार वेगाने केली तर त्यांना साधत नाही. या दोहोंच्या मध्ये एक वेग असा असतो की रेणू धडपडत मागे राहतात आणि क्षेत्राची ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. 1890 च्या दशकात लाइप्झिग येथे पॉल ड्रूड यांना अल्कोहोल विद्युतलहरी अवाजवी प्रमाणात गिळतात असे आढळले ते यामुळे. 1913 मध्ये पीटर डिबाय यांनी त्याचे गणित मांडले आणि रेणूला वळायला लागणाऱ्या वेळेला अर्थ दिला. मराठीत त्याला शिथिलन काल म्हणतात. 25 अंशांना पाण्याचा हा काल सुमारे 8 पिकोसेकंद आहे, मेथेनॉलचा 50 च्या आसपास, इथेनॉलचा 160 च्या आसपास. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लक्ष-कोटीवा भाग. ग्लिसरीनचा काल नॅनोसेकंदांत, म्हणजे पाण्याच्या शेकडोपट. आणि ग्लिसरीन थंड करत उणे 83 अंशांच्या जवळ नेले, जिथे ते काच होते, तर हाच काल शंभरेक सेकंदांवर जातो. एकाच द्रवात, रचनेत डोळ्यांत भरेल असा काहीही बदल न होता, हालचाल सुमारे दहा हजार कोटी पटीने मंदावते. 1951 मध्ये ब्राउन विद्यापीठातील डेव्हिडसन आणि कोल यांनी ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि प्रॉपेनॉल यांच्या मोजमापांतून दाखवले की ग्लिसरीनमध्ये सगळे रेणू एकाच तालात मंदावत नाहीत. काही फार मागे पडतात, काही कमी.

इथे गोष्ट मराठवाड्यात येते. अशी मोजणी वेगवेगळ्या वारंवारतांना वेगवेगळी यंत्रे लावून करणे खर्चिक आणि कंटाळवाणे असते. 1969 मध्ये ह्यूगो फेलनर-फेल्डेग यांनी दुसरी वाट दाखवली: द्रवावर विद्युतदाबाची एकच, अत्यंत तीव्र चढाची पायरी पाठवा आणि परत येणारा पडसाद पाहा. पायरीत सगळ्या वारंवारता एकत्र असतात. पडसादाचा आकार गणिताने उलगडला की एका झटक्यात सगळे उत्तर मिळते. विहिरीत दगड टाकून आवाजावरून खोली ओळखतात, त्याच जातीचे हे काम. याला टाइम डोमेन रिफ्लेक्टोमेट्री म्हणतात, प्रयोगशाळेच्या बोलीत टीडीआर. औरंगाबादला 1958 मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठात प्रा. एस. सी. मेहरोत्रा यांच्या गटाने हे तंत्र उभे केले. कुंभारखाने, पुराणिक आणि मेहरोत्रा यांचा टर्शरी ब्युटाइल अल्कोहोल आणि पाणी यांच्या मिश्रणावरील निबंध 1991 मध्ये इंग्लंडच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीच्या फॅरडे नियतकालिकात आला. पाठोपाठ इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी, आणखी कितीतरी जोड्या. 17 सप्टेंबर 1994 रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले आणि हे काम विष्णुपुरीच्या माळावर पोहोचले. तिथल्या भौतिकीय विज्ञान संकुलातून प्रा. कुंभारखाने आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचे याच तंत्रावरचे निबंध येत राहिले.

टर्शरी ब्युटाइल अल्कोहोलची निवड मला विशेष वाटते. ग्लिसरीनचा हा चुलतभाऊ स्वभावाने अगदी उलटा. त्याच्या रेणूवर ऑक्सिजन-हायड्रोजनची एकच जोडी, आणि तिच्याभोवती तीन मिथिल गटांची गर्दी. आकार जवळजवळ चेंडूसारखा. तो साधारण 25.5 अंशांनाच गोठतो आणि ग्लिसरीनसारखा आडून बसत नाही. मराठवाड्यातल्या हिवाळ्यात त्याची बाटली घट्ट झालेली सापडते, खोबरेलासारखी कोमट पाण्यात ठेवावी लागते. त्यात थोडे पाणी मिसळले की मात्र गोठणबिंदू झपाट्याने खाली जातो आणि रेणूंची वागणूकच बदलते. पाणी आणि अल्कोहोल एकमेकांच्या हायड्रोजन बंधांत कसे शिरतात, कोणत्या प्रमाणाला सर्वांत जास्त अडकतात, हे या मोजमापांतून कळते. हे काम बहुतेक साध्या तापमानाच्या द्रवांचे आहे, स्फटिक होण्याच्या क्षणाचे नाही. पण काय थांबले हे सांगण्याआधी काय चालू होते ते माहीत हवे, आणि अल्कोहोल द्रव असताना त्याच्या आत काय चालू असते हे दिसते त्यापेक्षा अवघड प्रकरण आहे.

एकच ऑक्सिजन-हायड्रोजन जोडी असलेल्या अल्कोहोलांत सगळ्यांत ठळक संकेत येतो तो एकट्या रेणूच्या वळण्याचा नसतोच. तो त्याहून मंद असतो. का, याविषयी अनेक दशके वाद चालला. 2010 मध्ये डॉर्टमुंड येथील गैनारू, ब्योमर आणि सहकाऱ्यांनी आण्विक चुंबकीय अनुस्पंदनाच्या मोजमापांतून एक चित्र पुढे केले ते आज बऱ्यापैकी मान्य आहे. अल्कोहोलचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून साखळ्या करतात. दिंडीत कोणी मागून येऊन मिळतो, कोणी पुढून गळतो, तशा या साखळ्या टोकाशी जोडल्या-तुटत राहतात. एकेक रेणू केव्हाच वळून गेलेला असतो. साखळीची एकूण दिशा बदलायला मात्र वेळ लागतो. मंद संकेत असतो तो या साखळीचा.

मग स्फटिक होताना काय होते? साधी अपेक्षा अशी: रेणू ओळीत बसले की वळणे बंद, म्हणून संकेत हळूहळू क्षीण होणार. जितका स्फटिक, तितका संकेत कमी. बऱ्याच पदार्थांत ढोबळमानाने तसेच होते. पण दोन अल्कोहोलांनी या सरळ हिशेबाला धक्का दिला.

पहिले आपले ओळखीचे, इथेनॉल. किनवटच्या जंगलात चैत्राच्या सुमारास मोहाची फुले गळतात, ती वाळवून, आंबवून गोंड-कोलामांच्या वस्त्यांत जी दारू गाळतात तिच्यातला रेणू तो हाच. शुद्ध इथेनॉल उणे 114 अंशांना गोठते. पण 1970 च्या दशकात ओसाका येथील हाइदा, सुगा आणि सेकी यांनी दाखवले की थंड करण्याच्या रीतीप्रमाणे त्याचे एकाहून अधिक घन होतात. अत्यंत वेगाने थंड केले तर काच. थोडे कमी वेगाने केले तर एक विलक्षण स्फटिक, ज्यात रेणूंच्या जागा अगदी ओळीत, पण प्रत्येक रेणू आपापल्या जागेवर उभा राहून फिरतच असतो. सावकाश केले, किंवा वाट पाहिली, तर खरा पक्का स्फटिक. मधल्या स्फटिकाला आणखी थंड केले की त्यातले फिरणेही गोठते, आणि गंमत अशी की ते गोठते जवळजवळ त्याच तापमानाला जिथे द्रव काच होतो, सुमारे 97 केल्विन, म्हणजे उणे 176 अंश. 1998 मध्ये डायइलेक्ट्रिक मोजमापे करणाऱ्या गटांनी दोहोंची तुलना केली तेव्हा काच-बिंदूजवळ द्रवातील वळणे आणि स्फटिकातील वळणे फारसे वेगळे निघाले नाही. म्हणजे जागा सोडून जाणे आणि जागेवर वळणे या दोन वेगळ्या हालचाली आहेत. पहिली थांबली म्हणून दुसरी थांबते असे नाही, आणि द्रव काच होताना ज्या मंदीचे आपण नवल करतो तिचा मोठा भाग दुसरीचा आहे.

दुसरे आयसोप्रॉपेनॉल, इंजेक्शनआधी दंडाला लावायच्या बोळ्याला ज्याचा वास येतो ते. ते उणे 89 अंशांना गोठते, पण झटकन थंड केले तर त्याच्याही खाली द्रव राहते. माद्रिद येथील सान्झ, नोगालेस, एझ्केर्रा आणि सहकाऱ्यांनी एकाच नमुन्यावर एकाच वेळी दोन गोष्टी मोजल्या: न्यूट्रॉनच्या झोताने मांडणी, आणि डायइलेक्ट्रिक पद्धतीने हालचाल. मांडणी आणि हालचाल आधीही मोजत, पण वेगवेगळ्या नमुन्यांवर, वेगवेगळ्या दिवशी; कोणती आधी बदलली हा प्रश्न त्यामुळे विचारताच येत नसे. त्यांच्या 2004 च्या निबंधाच्या मथळ्यातच निष्कर्ष आहे: हायड्रोजन बंधांचे जाळे तुटणे ही आयसोप्रॉपेनॉलच्या स्फटिकीभवनाची पहिली पायरी होय. रेणू आधी हात सोडतात, मग ओळ धरतात. द्रवातली साखळी ही पुढच्या स्फटिकाची कच्ची घडण असेल असे मानणे सोयीचे होते. इथे ती अडथळा निघाली. ग्लिसरीनच्या प्रत्येक रेणूला असे तीन-तीन हात आहेत हे लक्षात घेतले, तर इस्लापूरच्या थंडीत त्याची बाटली का आडून बसते याचा काही उलगडा होतो.

हा निव्वळ प्रयोगशाळेचा खेळ असता तरी मला पुरेसा होता. पण 1998 मध्ये त्याची किंमत एड्सच्या रुग्णांनी मोजली. रिटोनाव्हिर हे औषध तेव्हा अल्कोहोल-पाण्याच्या द्रावणात, कॅप्सूलमधून मिळत असे. दोन वर्षे बाजारात असलेल्या त्या कॅप्सूलमध्ये अचानक एक नवा स्फटिक दिसू लागला, आधीच्यापेक्षा खूपच कमी विरघळणारा. तोच रेणू, वेगळी मांडणी, पण शरीरात शोषला न जाणारा. कॅप्सूल मागे घ्याव्या लागल्या. नव्या रूपाचे कण एकदा कारखान्यात शिरले की जुने रूप पूर्वीसारखे करणे कठीण होऊन बसले. नानायमोच्या बियाण्याची आठवण व्हावी अशी ही घटना. पर्यायी कॅप्सूल आली ती शीतकपाटात ठेवायची. विजेचा भरवसा नसलेल्या खेड्यात औषध शीतकपाटात ठेवा असे सांगणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. 2010 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या रिटोनाव्हिरच्या गोळीने वेगळा मार्ग धरला. औषध बहुवारिकासोबत वितळवून असे थंड केले की त्याला साखरायला वावच राहू नये. ते काचेच्या रूपात अडकून राहते आणि गोळी खोलीतल्या तापमानाला टिकते. अशा गोळ्यांतले रेणू अडकलेले असले तरी पूर्ण स्वस्थ नसतात. उन्हाळ्यात, दमट हवेत ते किती हलतात आणि साखरायला किती महिने घेतील, याचा अंदाज बांधायला औषधशास्त्रज्ञ जी साधने वापरतात त्यांत डायइलेक्ट्रिक मोजणी आहे, आणि तिच्यातले गणित ड्रूड यांच्या अल्कोहोलपासून चालत आलेले आहे.